डोळ्यांची धार

अभिनंदनने आईच्या दुसऱ्या लग्नाला होकार दिला, पण एका अटीवर.

"दोघांनीही नेत्रधारा करून घ्या," तो पुण्याहून फोनवर म्हणाला. "बाकी मला काही विचारायचं नाही. त्यांचं घरदार, नातेवाईक, काही नाही. फक्त डोळे तपासा, आई."

चारुशीला मगदूम यांचं सगळं आयुष्य सांगलीत मुलींना खो-खो शिकवण्यात गेलं होतं. निवृत्तीनंतर गळ्यातली शिट्टी उतरली, तेवढाच काय तो फरक. आवाज तोच राहिला. कुणी अट घातली की त्यांचं डोकं फिरायचं. या वेळी मात्र त्या गप्प बसल्या. मुलाच्या मनात काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. तेच त्यांच्याही मनात होतं.

अभिनंदन कॉलेजात गेला त्या वर्षी त्याच्या वडिलांना, प्रदीप मगदूम यांना, अल्झायमर झाल्याचं कळलं. भूमापन खात्यातला माणूस. सगळा जिल्हा पायाखालून गेलेला. एक दिवस त्यांना मंडईतून घरी यायचा रस्ता सापडेना. तिथून पुढं नऊ वर्षं गेली. शेवटी शेवटी ते बायकोलाच विचारायचे, "अहो बाई, आमची मंडळी कुठं गेली? बघा की जरा." आणि चारुशीलाबाई, "येतीलच हो इतक्यात," असं म्हणून त्यांना भात भरवायच्या.

त्यांच्या वेळी नेत्रधारा नव्हती. असती तरी औषध नव्हतं.

आता दोन्ही होतं. औषध रोग बरा करत नसे, पण लवकर सुरू केलं तर बरीच वर्षं त्याला थोपवून धरी. सगळा प्रश्न होता तो 'लवकर'चा. माणूस नावं विसरू लागेपर्यंत मेंदूचं बरंच नुकसान झालेलं असतं. त्याच्या आधी मेंदूत डोकावायचं कसं? वाट सापडली ती डोळ्यांतून.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेलं दृष्टिपटल म्हणजे मेंदूचाच एक पदर. गर्भात मेंदू घडत असताना त्याला दोन कोंब फुटतात, पुढं सरकतात आणि त्यांची दृष्टिपटलं होतात. कवटी न उघडता, नुसतं बाहुलीतून डोकावून पाहता येतो असा मेंदूचा भाग एवढाच. अल्झायमरमध्ये मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या रोडावतात, त्यांतलं रक्त संथ होतं. आणि तीच अवकळा दृष्टिपटलावरच्या वाहिन्यांवरही येते, विसरभोळेपणाच्या कितीतरी आधी. नेत्रधारा यंत्र डोळ्यात मंद लेसर सोडायचं. त्या प्रकाशाची दृष्टिपटलावर ठिपक्याठिपक्यांची चमचम होते. जिथं काही हलत नाही तिथले ठिपके जागच्या जागी राहतात. जिथं रक्तपेशी धावत असतात तिथले पुसट होतात. जितका वेग जास्त, तितके पुसट. त्या पुसटपणावरून यंत्र रक्ताचा प्रवाह मोजायचं आणि हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा लावायचं.

आधी हे यंत्र मोठ्या इस्पितळांत होतं. मग ते चष्म्याच्या दुकानांत आलं. मग विमा कंपन्या अहवाल मागू लागल्या, आणि ज्येष्ठांची लग्नं जमवणारी मंडळंही. सांगलीत लोक एकमेकांना चेष्टेनं विचारायचे, "काय, डोळ्यांची धार काढून आलात का?" हसून विचारायचे, पण उत्तराकडे कान लावून असायचे.

चारुशीलाबाईंचे होणारे जोडीदार सुकुमार चौगुले या चेष्टेवर खळखळून हसले. ते तासगावच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचे व्यवस्थापक होते. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा जाऊन बेदाण्याची प्रत ठरवून द्यायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आमराई बागेत सकाळी फिरताना चारुशीलाबाईंशी ओळख झाली ती भांडणातून. ते खिशातले बेदाणे खारींना टाकायचे आणि बाई म्हणायच्या, जनावरांच्या सवयी बिघडवू नका. दीड वर्ष हे भांडण चाललं. मग एके दिवशी सुकुमारराव म्हणाले, "मॅडम, हे भांडण घरी बसून पुढं चालवलं तर?"

"चष्म्याच्या दुकानात पत्रिका बघायची म्हणा की," अभिनंदनची अट ऐकून ते म्हणाले. "चला. माझे डोळे घोड्याचे आहेत."

दुकानातल्या बाईंनी दोघांना आळीपाळीनं यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, हिरव्या फुलीकडे बघायचं, आधी उजवा डोळा, मग डावा. चारुशीलाबाईंचा दिवा हिरवा लागला. त्यांनी उठून सुकुमाररावांना जागा करून दिली.

सुकुमाररावांचा दिवा लाल लागला.

"परत एकदा घ्या," चारुशीलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मैदानावरचा झाला होता.

दुकानातल्या बाईंनी काच पुसली, परत घेतलं. परत लाल.

"सर, यावरून नक्की असं काही सांगता येत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. येताना सोबत कुणीतरी असू दे."

बाहेर येऊन सुकुमारराव म्हणाले, "चहा घ्यायचा?"

"नको. घरी जाते," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे न बघता चालू लागल्या.

*

तो दिवा लागला आणि मागचं सगळं वेगळं दिसू लागलं. गेल्या महिन्यात सुकुमाररावांना 'किल्ली' हा शब्द आठवला नव्हता. "ते हो, दाराचं, फिरवायचं," असं म्हणत ते हवेत बोटं फिरवत राहिले होते, आणि दोघंही हसले होते. आता चारुशीलाबाईंना त्या हसण्याची लाज वाटली. एकदा बोलता बोलता ते मध्येच थांबले होते, कुठंतरी बघत. एकदा गाडीवर भाजी घेतली आणि पिशवी तिथंच ठेवून आले होते. प्रदीपचंही असंच सुरू झालं होतं. अगदी असंच.

सुकुमाररावांनी काही लपवून ठेवलं नाही. आमराईतल्या फिरणाऱ्या मंडळींना त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे त्यांच्याशी मोठ्यानं बोलू लागले, जणू त्यांना ऐकू येत नव्हतं. एक जण रोज विचारायचा, "सुकुमारराव, आज वार कोणता?" कोल्ड स्टोरेजच्या मालकानं फोन केला. "काका, आता तुम्ही आराम करा," तो प्रेमानं म्हणाला आणि त्यांच्या जागी बेदाणा बघायला दुसरा माणूस नेमला. सुकुमाररावांनी स्कूटर झाकून ठेवली. सकाळी उठल्या उठल्या ते सतराचा पाढा म्हणून बघायचे. एखाद्या आकड्यावर अडखळलं की तो सगळा दिवस वाईट जायचा. माणसाला त्याचा मेंदू बिघडलाय असं सांगा, मग तो दिवसभर त्याच्यावरच पहारा देत बसतो. आणि पहाऱ्यात कोण चुकत नाही?

चारुशीलाबाईंनी आमराईत जाणं बंद केलं होतं. आठवडाभर त्या स्वतःशी भांडल्या. अभिनंदनचे फोन आले, त्यांनी "बघू" एवढंच म्हटलं. मग एका दुपारी त्या उठल्या आणि विश्रामबागेत सुकुमाररावांच्या घरी गेल्या.

"या की," ते म्हणाले. "बसा. सरबत करतो."

"सरबत नको. मला जमणार नाही."

"काय?"

"लग्न."

सुकुमारराव समोरच्या खुर्चीवर बसले.

"मी हे सगळं एकदा केलंय," चारुशीलाबाई भरभर बोलू लागल्या, थांबलं तर बोलता येणार नाही म्हणून. "अंघोळ घालणं, दाराला बाहेरून कुलूप लावणं, ताट फेकलं की परत वाढणं. मारसुद्धा खाल्लाय मी त्यांचा. ते घाबरून मारायचे, मला माहीत होतं. तरी लागायचंच ना? तुम्ही भला माणूस आहात. म्हणूनच तोंडावर सांगायला आले. माझ्यात आता ते बळ राहिलेलं नाही. उद्या मन मारून हो म्हटलं, तर चार वर्षांनी मी तुमचा राग राग करीन. ते मला नकोय."

बाहेर कुणाच्या तरी घरात मिक्सर सुरू होता.

"बरं झालं सांगितलंत," सुकुमारराव म्हणाले. "तुम्ही दयेपोटी हो म्हणाल, याची मला भीती होती. मग मला नाही म्हणावं लागलं असतं, आणि माझ्याच्यानं ते झालं नसतं."

"राग नाही आला?"

"आला की. तुमचा नाही. पण आला."

चारुशीलाबाई उठल्या. त्या दारापर्यंत गेल्यावर सुकुमाररावांनी मागून विचारलं, "मॅडम, एक मागू? मिरजेच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय. सोबत कुणीतरी आणा म्हणतात. मला तसं 'कुणीतरी' नाही."

"येईन," चारुशीलाबाई म्हणाल्या. एवढं म्हणायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही, याचं नंतर रस्त्यानं जाताना त्यांना आश्चर्य वाटलं.

*

बिनचालकाच्या बसमधून मिरजेपर्यंत दोघं शेजारी बसून गेले, हवापाण्याबद्दल बोलत. डॉक्टर नसीम मुजावर पंचेचाळिशीच्या, चष्मा डोक्यावर ढकलायची सवय असलेल्या बाई होत्या. त्यांनी दुकानातला अहवाल बघितला, बाजूला ठेवला आणि चारुशीलाबाईंकडे वळल्या.

"तुम्ही यांच्या कोण?"

चारुशीलाबाईंनी सुकुमाररावांकडे बघितलं.

"यांनी मला नकार दिलाय," सुकुमारराव म्हणाले.

डॉक्टरांनी दोघांच्या तोंडांकडे बघितलं. "नकार देऊनही सोबत आल्या? मग बसा. जवळचंच नातं दिसतंय."

त्यांच्याकडचं यंत्र दुकानातल्यापेक्षा मोठं होतं. बाहुली मोठी करायचे थेंब घालून त्यांनी सुकुमाररावांचा एकेक डोळा सावकाश तपासला. मग पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. दोन्ही चित्रांत एका गोल चकतीतून फांद्या फुटाव्यात तशा रक्तवाहिन्या पसरल्या होत्या. वेगानं वाहणारं रक्त यंत्र पिवळ्या-तांबड्या रंगात दाखवत होतं, संथ वाहणारं निळ्या. उजव्या डोळ्यातलं झाड पेटल्यासारखं पिवळं होतं. डाव्यातलं निळं, काही ठिकाणी जवळजवळ काळं.

डॉक्टर मुजावर खुर्ची पुढं ओढून पडद्याजवळ गेल्या.

"दुकानातलं यंत्र दोन्ही डोळ्यांची सरासरी काढतं आणि एकच दिवा लावतं," त्या म्हणाल्या. "एक डोळा झकास, एक निम्म्यावर. सरासरी कमी आली, लाल लागला. पण अल्झायमर असा एकच बाजू धरून बसत नाही. तो दोन्हीकडे येतो. काका, डाव्या डोळ्यासमोर कधी अंधारी येते का? पडदा ओढल्यासारखी?"

"येते कधी कधी," सुकुमारराव म्हणाले. "थोडा वेळ राहते, मग जाते. मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल."

"आणि शब्द अडतात."

"अडतात."

"कुणाला सांगितलंत का अंधारीचं?"

"काय सांगायचं? जाते की ती."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप त्यांच्या मानेला लावला, जबड्याच्या खाली, डाव्या बाजूला. श्वास रोखायला सांगितला. मग कानातून नळ्या काढून त्या चारुशीलाबाईंच्या कानांत घातल्या. "ऐका."

चारुशीलाबाईंना सूं सूं असा आवाज आला. अर्धवट बंद नळातून पाणी यावं तसा.

"डोळ्याला रक्त देणारी वाहिनी मानेतल्या मोठ्या धमनीतून निघते," डॉक्टर सांगू लागल्या. "तीच धमनी मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवते. बोलण्यासाठी लागणारे शब्द बहुतेकांच्या मेंदूत त्याच भागात असतात. आता मुख्य कालव्यात गाळ साचला, तर पोटचाऱ्यांना पाणी कमी पडणारच. डोळ्याला कमी पडलं, शब्दांनाही कमी पडलं. सोनोग्राफी करू, रक्तातली अल्झायमरची प्रथिनंही तपासू. पण माझा अंदाज विचाराल, तर तुमचा मेंदू ठीक आहे. त्याला नीट जेवायला मिळत नाहीये, एवढंच."

"म्हणजे मला ते नाही?" सुकुमाररावांनी विचारलं.

"बहुतेक नाही. पण खूश होऊन घरी जाऊ नका. या गाळाचा एखादा तुकडा सुटून वर गेला, तर पक्षाघात होईल. उद्या होईल किंवा वर्षानं होईल. ती अंधारी म्हणजे इशारा होता. दुकानात गेला नसता, तर तुम्ही माझ्याकडे थेट स्ट्रेचरवर आला असता."

चारुशीलाबाई उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या. त्यांनी कूलरमधून पाणी घेतलं. आतून सुकुमाररावांचा आवाज आला. ते डॉक्टरांना सतराचा पाढा म्हणून दाखवत होते. "सतरा सत्ते एकशे एकोणीस," इथं ते अडखळले नाहीत.

*

सोनोग्राफीत धमनी तीन चतुर्थांशाहून जास्त बुजलेली निघाली. रक्ताच्या तपासणीत अल्झायमरची खूण सापडली नाही. शस्त्रक्रिया ठरली.

"धमनी उघडून गाळ काढायचा, परत शिवायची," डॉक्टर मुजावर यांनी समजावलं. "शिवेपर्यंत त्या बाजूचा प्रवाह चिमट्यानं थांबवावा लागतो. तेवढा वेळ मेंदूनं उजव्या धमनीवर काढायचा. बहुतेकांचा निघतो. म्हणून तुम्हाला पूर्ण भूल द्यायची नाही, मान फक्त बधिर करायची. तुम्ही बोलत राहायचं. बोलणं थांबलं की आम्हाला कळेल, मेंदूला रक्त कमी पडतंय. शिवाय डाव्या डोळ्यावर आमचा कॅमेरा असेलच. मेंदूत काय चाललंय ते आम्ही डोळ्यात बघत राहू."

"काय बोलू?"

"तुम्हाला जे झोपेतही येतं ते."

शस्त्रक्रिया चालली होती तेवढा वेळ चारुशीलाबाई बाकावर ताठ बसून होत्या. मॅचच्या शेवटच्या मिनिटाला बसायच्या तशा. अभिनंदनचा फोन वाजला, त्यांनी घेतला नाही. त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. मी नाही म्हटलं, आणि तरी इथं बसलेय. मग ते नाही नक्की कशाला होतं?

दार उघडून डॉक्टर मुजावर बाहेर आल्या. तोंडावरची पट्टी खाली ओढली तेव्हा त्या हसत असल्याचं दिसलं.

"द्राक्षांच्या जाती सांगत होते. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, तास-ए-गणेश, शरद. ते संपलं की बेदाण्याच्या प्रती. चिमटा लावलेला असताना एकदा गप्प झाले. आमच्या सगळ्यांच्या काळजात धस्स झालं. तर म्हणाले, 'शरद दोनदा झालं वाटतं. एकदाच धरा.'"

चारुशीलाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. डॉक्टरांनी त्यांना रडू दिलं. मग त्यांच्याजवळ बसून हातातल्या टॅबवर कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. डावा डोळा. तेच झाड, निळं, जवळपास विझलेलं. मग चिमटा लागला आणि होता तोही रंग गेला. नुसत्या बारीक जांभळट रेघा उरल्या. त्या रेघा तेवढ्यावर तग धरून होत्या.

"आता बघा," डॉक्टर म्हणाल्या.

बुंध्याजवळ एक पिवळा ठिपका उमटला. तो लांब झाला, त्याची रेघ झाली. रेघ दुभंगली. मग एका ठोक्यासरशी सगळ्या फांद्यांत पिवळं पसरलं, पुढच्या ठोक्याला तांबूस, त्याच्या पुढच्याला थेट टोकांपर्यंत. ते आत शिरताना प्रत्येक वेळी थोडं उसळत होतं, हृदयाच्या तालावर.

चारुशीलाबाईंनी ते चित्रण परत लावायला सांगितलं. प्रदीपच्या वेळी असं काही बघायला मिळालं नव्हतं. तेव्हा सगळं फक्त कमी कमी होत गेलं होतं, आणि काय कमी होतंय तेही कुणाला दिसत नव्हतं. काही परत येताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

*

"मग आता काही हरकत नाही, आई," अभिनंदन फोनवर म्हणाला. तो मनापासून खूश झाला होता. "आता दोघंही हिरवे."

"फोन ठेव," चारुशीलाबाई म्हणाल्या.

मुलाचं काही चुकलं नव्हतं. तो जे बोलला तेच लोकही बोलणार होते, आणि तेच त्यांना लागत होतं. माणूस आजारी निघाला तेव्हा नाही म्हटलं, बरा निघाल्यावर हो म्हणायचं? बाजारात फळ दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखं? सुकुमारराव घरी येईपर्यंत त्या रोज त्यांना भेटल्या, डबा नेला, औषधांच्या वेळा बघितल्या. ते हिंडू-फिरू लागले तसं त्यांनी जाणं बंद केलं. आमराईतही त्या गेल्या नाहीत. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन मुलींचा सराव बघत बसू लागल्या.

एका संध्याकाळी सुकुमारराव स्कूटरवरून तिथं आले. मानेवर शिवणीची गुलाबी रेघ दिसत होती. ते शेजारच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ खेळ बघत राहिले.

"ती दोन वेण्यांची लवकर उठते," ते म्हणाले. "खो मिळायच्या आधीच."

"फाउल आहे तो. सांगितलंय तिला." मग जरा वेळानं त्या म्हणाल्या, "तुम्ही कशाला आलात ते माहितेय मला. माझं तोंड नाही तुम्हाला हो म्हणायला."

"मी हो म्हणा म्हणायला आलो नाही. आभार मानायला आलो. त्या दिवसांत सगळे माझ्याशी गोड बोलत होते. इतकं गोड, की मी मलाच मेल्यासारखा वाटायला लागलो होतो. तुम्ही एकट्या माझ्याशी माणसासारखं बोललात. नाही म्हणालात. जिवंत माणसालाच नाही म्हणतात, मॅडम."

चारुशीलाबाईंनी नजर मैदानावरच ठेवली.

"दिवा हिरवा आहे तो आजचा," त्या म्हणाल्या. "पाच वर्षांनी, दहा वर्षांनी खरोखर झालं तर? तुम्हाला किंवा मला? मी परत ते करू शकणार नाही. आजही माझं उत्तर तेच आहे. ते बदललेलं नाही."

"मग करू नका."

"म्हणजे?"

"एकटीनं करा असं कोण म्हणतंय? झालंच, तर दिवसाला माणूस ठेवू, रात्रीला माणूस ठेवू. तेही झेपेना झालं, तर चांगली जागा बघून मला तिथं ठेवा आणि दुपारी येऊन माझ्याशी भांडून जा. तुम्हाला झालं तर मीही तसंच करीन. मलाही एकट्याला झेपायचं नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

मैदानावर मुली ओरडत होत्या. नऊ वर्षांत एकदाही, कुणालाही, 'मी दमले' असं त्या म्हणाल्या नव्हत्या. नवऱ्याला म्हणण्यात अर्थ नव्हता, मुलाला म्हणायचं नव्हतं, आणि लोक तर "किती करता हो तुम्ही" असं म्हणून ते तोंडातच बंद करून टाकायचे. आणि हा माणूस, ते म्हणायची वेळ येण्याच्याही आधी, म्हणायला मोकळीक देत होता. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. इतकी वर्षं ते तिथं होतं हे त्यांना तेव्हा समजलं.

"मी दमले होते हो तेव्हा," त्या म्हणाल्या. "फार दमले होते."

"दमणारच की," सुकुमारराव म्हणाले.

सराव संपला. मुलींनी येऊन दोघांना नमस्कार केला आणि सुकुमाररावांकडे कुतूहलानं बघत त्या पांगल्या. चारुशीलाबाईंनी डोळे पुसले, उठल्या, साडी झटकली.

"अभिनंदनला सुट्टी कधी मिळते ते विचारते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही मला मॅडम म्हणणं बंद करा. चारुशीला नाव आहे माझं."

*

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. अभिनंदननं सुकुमाररावांना वाकून नमस्कार केला आणि तसाच वाकलेला असताना म्हणाला, "काका, मी जरा जास्तच घाबरलो होतो." सुकुमारराव म्हणाले, "तुझ्या घाबरण्यानंच वाचलो मी." डॉक्टर मुजावर जेवायला आल्या आणि पुरणपोळी दोनदा मागून घेतली. हल्ली दुकानांतली नवी यंत्रं दोन डोळ्यांचे दोन दिवे लावतात, असं त्यांनी जेवता जेवता सांगितलं.

नंतरच्याच आठवड्यातली एक सकाळ. चारुशीला केस विंचरत होत्या. जळकट वास आला म्हणून त्या स्वयंपाकघराकडे धावल्या. सुकुमारही गॅलरीतून धावत आले. पातेल्यातलं दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली ओघळत होतं.

सुकुमार तिथंच उभे राहिले. हातात वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर, पाय दुधात.

"मीच ठेवलं होतं," ते सावकाश म्हणाले. "विसरलो."

आणि त्यांनी बायकोच्या तोंडाकडे बघितलं.

चारुशीलांच्या छातीत जुनं काहीतरी हललं, क्षणभर. त्यांनी दाराची चौकट धरली. मग त्यांना समोरचा माणूस दिसला. वर्तमानपत्रातली कसली तरी बातमी वाचत बसलेला आणि दुधाचं विसरून गेलेला, कुठल्याही घरातला कुठलाही नवरा. त्यांना हसू फुटलं. आवरता आवरेना.

"विसरलात ना? मग पुसा की," त्या म्हणाल्या. "मी नाही पुसणार."

सुकुमारही हसू लागले. "आणि चहा?"

"आज कोरा प्या. आणि आधी पाय बाजूला घ्या, दुधात उभे आहात."

त्यांनी पाय बाजूला घेतले, वर्तमानपत्र ठेवलं, फडकं शोधलं आणि ओटा पुसायला लागले.